स्विच केस नीट चालत नाहीये? सी मधल्या मेन्यूवाल्या प्रोग्रामचं समस्या निवारण

सबमिशन जवळ आलं की हा प्रश्न हमखास येतो, फक्त शब्द वेगळे असतात. दादा, एक दाबलं तरी चारही उत्तरं छापतंय. दादा, काहीही दाबा, इनव्हॅलिड चॉईसच येतंय. मेन्यू दोन दोनदा येतोय. एक्झिट दाबलं तरी बाहेर पडत नाही. आणि शेवटी ठरलेलं वाक्य, लॉजिक बरोबर आहे हो, कंपायलरच गंडलाय. कंपायलर गंडलेला नसतो, पण तुमचं लॉजिक बरोबर असतं हेही बऱ्याचदा खरं असतं, घोळ लॉजिकच्या बाहेर एखाद्या कोलनमध्ये, कोटमध्ये नाहीतर एंटरच्या बटणात असतो. म्हणून सगळं एकाच ठिकाणी लिहून ठेवतोय, म्हणजे पुढच्या वेळी नुसती लिंक फेकता येईल.

आधी एक गोष्ट. कोडमधले शब्द मी इथे मराठी अक्षरांत लिहितोय, तुम्ही टाइप करताना अर्थातच इंग्रजीत करा, आणि आकडेसुद्धा. मोबाईलवर मराठी कीबोर्ड चालू ठेवून ऑनलाइन कंपायलरमध्ये १ दाबणारे लोक खरंच आहेत, आणि सी ला तो १ आकडा वाटतच नाही, यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत ते ३ बाइटचं एक अक्षर आहे, त्यामुळे स्कॅनएफचा %डी त्याला हात लावत नाही.

आता नेहमीचा पेशंट बघा. बेरीज वजाबाकी गुणाकार, पर्याय विचारा, उत्तर द्या.

स्विच (पर्याय)
{
    केस १: प्रिंटएफ("बेरीज %डी\एन", अ + ब);
    केस २: प्रिंटएफ("वजाबाकी %डी\एन", अ - ब);
    केस ३: प्रिंटएफ("गुणाकार %डी\एन", अ * ब);
    डिफॉल्ट: प्रिंटएफ("चुकीचा पर्याय\एन");
}

यात १ दिला की चारही ओळी छापतात, चुकीचा पर्याय सकट. २ दिला की तीन. ३ दिला की दोन. हा पॅटर्न दिसला, म्हणजे जिथून सुरू झालं तिथून खालचं सगळं छापतंय, तर डोकं खाजवत बसू नका, ब्रेक राहिलेत.

पण ब्रेक टाका एवढं सांगून भागत नाही कारण पुढच्या आठवड्यात तोच माणूस दुसऱ्या रूपात तीच अडचण घेऊन येतो. मूळ गैरसमज असा असतो की केस म्हणजे छोटं इफ, कंडिशन जुळली तर आतलं करा नाहीतर पुढे जा. तसं नाहीये. केस हे फक्त लेबल आहे, जागेची खूण. स्विच कंसातली व्हॅल्यू एकदाच काढतो, ती कुठल्या खुणेशी जुळते ते बघतो आणि तिथे उडी मारतो, संपलं त्याचं काम. त्यानंतर खालच्या ओळी एकामागून एक चालत राहतात आणि मधे दुसरं केस लागलं तरी तिथे कोणी काही तपासत नाही. स्लो लोकलमध्ये तुम्ही दादरला चढलात तर कुर्ला, घाटकोपर, ठाणे ही स्टेशनं येणारच, तुम्हाला कुठे उतरायचंय हे गाडी विचारत नाही, उतरायचं तुम्ही. ब्रेक म्हणजे ते उतरणं.

केस हे नुसतं लेबल आहे हे किती टोकाला जाऊ शकतं ते बघायचं असेल तर डफ्स डिव्हाइस शोधा. टॉम डफ नावाचा प्रोग्रामर १९८३ मध्ये लुकासफिल्ममध्ये असताना त्याने स्विचच्या आत डू व्हाइल लूप उघडला आणि केसची लेबलं त्या लूपच्या पोटात टाकली, डेटा भराभर कॉपी करायला. बघून डोळे फिरतात पण सी मध्ये ते कायदेशीर आहे. जर्नलमध्ये लिहू नका, ओरलला एक्स्टर्नल पकडेल.

मुद्दाम ब्रेक न टाकणं हेही चूक नाही बरं का. महिन्याचे दिवस काढायचा प्रोग्राम असतो ना, त्यात केस ४: केस ६: केस ९: केस ११: अशी चार लेबलं एकाखाली एक लावून शेवटी एकदाच दिवस = ३० आणि ब्रेक, हाच योग्य मार्ग आहे. अडचण तेव्हा होते जेव्हा मधल्या केसमध्ये काही काम आहे आणि ब्रेक मुद्दाम सोडलाय की विसरलाय हे वाचणाऱ्याला कळत नाही. तिथे फॉल थ्रू अशी इंग्रजीत कॉमेंट टाका. जीसीसी या फुकट कंपायलरमध्ये आवृत्ती ७ पासून कंपाइल करताना डॅश डब्ल्यू एक्स्ट्रा लावलं की विसरलेल्या ब्रेकवर वॉर्निंग मिळते, आणि अशी कॉमेंट असेल तर तो समजून गप्प बसतो. सी२३ या सी च्या नव्या स्टँडर्डमध्ये तर त्यासाठी दुहेरी चौकोनी कंसात लिहायचं फॉलथ्रू हे अधिकृतच करून टाकलंय.

आता सगळ्यात जास्त वेळ खाणारी तक्रार, काहीही दाबलं तरी डिफॉल्टच येतो.

इथे पहिलं काम एकच. स्विचच्या बरोबर वरच्या ओळीत व्हॅल्यू छापा, चौकोनी कंसात, आणि कॅरेक्टर असलं तरी %डी ने. म्हणजे प्रिंटएफ("[%डी]\एन", पर्याय). एवढं केलं की निम्मे प्रश्न विचारायच्या आधीच सुटतात, पण हे कोणी करत नाही, सगळे स्विचच्या आत बघत बसतात आणि घोळ असतो स्विचच्या आधी.

छापून ४९ आलं? मग तुम्ही पर्याय %सी ने कॅरेक्टर म्हणून वाचलाय आणि केस १ लिहिलंय. आकडा १ आणि अक्षर '१' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, अक्षराचा आस्की कोड, म्हणजे कॉम्प्युटरमधला त्याचा ठरलेला नंबर, ४९, दोनचा ५०, शून्याचा ४८. कॅरेक्टर वाचत असाल तर केसमध्ये सिंगल कोट हवेत, इंटिजर वाचत असाल तर नकोत, मधलं काही नाही. उलटी चूक पण होते, वाचलंय %डी ने आणि केस लिहिलंय '१', मग १ दाबलं की डिफॉल्ट आणि ४९ दाबलं की बेरीज! ते एकदा मुद्दाम करून बघा, मजा येते आणि आयुष्यभर लक्षात राहतं.

याचाच चुलतभाऊ, मेन्यूत दहावा पर्याय आला की केस '१०' लिहिणं. सिंगल कोटमध्ये दोन अक्षरं टाकली तर सी एरर देत नाही, दोन्ही मिळून त्याच्या मनाने एक मोठा आकडा बनवतो, आणि %सी ने एका वेळी एकच अक्षर येत असल्याने ती केस कधीच लागत नाही, '१' ची लागते. जीसीसी मल्टी कॅरेक्टर अशी वॉर्निंग देतो पण वॉर्निंग वाचतंय कोण. नऊच्या वर पर्याय गेले की सरळ इंटिजर घ्या.

छापून भलताच आकडा आला, म्हणजे ३२७६४ किंवा उणे काहीतरी, तर स्कॅनएफमध्ये व्हेरिएबलच्या आधीचं अँड चिन्ह राहिलंय का बघा. कधी प्रोग्राम तिथेच क्रॅश होतो, कधी काहीच न झाल्यासारखं दाखवून कचरा व्हॅल्यू देतो. ते असेल जागेवर तर मग स्कॅनएफने वाचलंच नाहीये, त्यावर खाली येतो.

आणि छापून १० आलं तर तो एंटर आहे. हा एवढा मोठा विषय आहे की वेगळा घ्यावा लागेल.

मेन्यू दोनदा येतो, किंवा ऑपरेटर विचारायच्या आधीच प्रोग्राम पुढे पळतो

कॅल्क्युलेटरच्या प्रोग्राममध्ये आधी दोन आकडे घेतात %डी ने आणि मग प्लस मायनस घेतात %सी ने. दुसरा आकडा टाइप करून तुम्ही एंटर मारता. %डी ने आकडा उचलला, पण तो एंटर इनपुट बफरमध्ये, म्हणजे वाचायची बाकी अक्षरं थांबतात त्या जागेत, तसाच पडून राहिला. पुढचा %सी येतो आणि त्याला समोर एक अक्षर तयार मिळतं, न्यूलाइन, कोड १०, तो ते घेऊन टाकतो, तुम्हाला थांबून विचारतच नाही. स्विचमध्ये '+' नाही, '-' नाही, म्हणून डिफॉल्ट. तुम्ही म्हणता स्विच चुकला, पण स्विचला जे दिलं त्याचंच उत्तर त्याने दिलं.

लूपमध्ये मेन्यू असेल आणि पर्याय %सी ने घेत असाल तर पहिली फेरी बरोबर जाते, मग एक फेरी फुकटची होते ज्यात चुकीचा पर्याय छापतं आणि मेन्यू परत येतो, मग पुन्हा बरोबर. एकाआड एक असं झालं की शंभर टक्के हेच. परत करायचंय का, वाय की एन, या प्रश्नालाही हाच रोग होतो.

उपाय एका स्पेसचा आहे. "%सी" च्या ऐवजी " %सी", म्हणजे डबल कोट उघडल्यावर आधी एक मोकळी जागा आणि मग टक्का. त्या जागेचा अर्थ स्कॅनएफसाठी असा की समोर जेवढ्या स्पेस, टॅब, एंटर पडलेत ते सगळे गिळ आणि मग पहिलं खरं अक्षर दे. %डी हे आपोआप करतो म्हणून आकड्यांना हा त्रास होत नाही, %सी करत नाही कारण कुणाला खरोखर स्पेसच वाचायची असू शकते.

काही जण हीच गोष्ट उलट्या बाजूने करायला जातात, %डी च्या मागे \एन लावतात. तसं करू नका. मग स्कॅनएफ एंटर गिळत गिळत पुढच्या खऱ्या अक्षराची वाट बघत बसतो, आणि तुम्हाला वाटतं प्रोग्राम हँग झाला, दोनदा इनपुट द्यावं लागतंय.

मग बफर रिकामा करायला एफफ्लश एसटीडीइन? हो, सिनियरच्या जर्नलमध्ये आहे, टर्बो सी मध्ये चालतं, विंडोजवर बऱ्याच ठिकाणी चालतं. पण स्टँडर्डमध्ये एफफ्लश फक्त आउटपुटसाठी ठरवलेला आहे, इनपुटवर काय होईल याची कसलीच हमी नाही, आणि कॉलेजच्या लॅबमध्ये लिनक्स टाकलं की तोच प्रोग्राम परत आजारी पडतो. त्याऐवजी गेटचार चा छोटा लूप लावा, न्यूलाइन किंवा ईओएफ (इनपुट संपल्याची खूण) येईपर्यंत वाचून फेकून द्यायचं. त्यासाठी घेतलेलं व्हेरिएबल इंट असू द्या, कॅर नको, नाहीतर ईओएफ ओळखताना नवीन भानगड.

मेन्यू थांबतच नाही, स्क्रीनभर धावतोय

%डी ने वाचताय आणि कोणीतरी आकड्याच्या जागी अक्षर दाबलं. स्कॅनएफला आकडा हवा होता, समोर ए दिसला, त्याने ए ला हात लावला नाही, व्हेरिएबलमध्ये काही टाकलं नाही, आणि शून्य परत केलं. तुम्ही ते शून्य बघितलंच नाही. लूप फिरला, ए अजून तिथेच, परत तेच. अनंत. आणि व्हेरिएबलमध्ये मागच्या फेरीची व्हॅल्यू तशीच असल्याने मागचीच केस परत परत चालते, म्हणून अजूनच गोंधळ वाटतो.

स्कॅनएफ किती गोष्टी वाचल्या ते परत सांगतो, ते तपासा. इफ (स्कॅनएफ("%डी", &पर्याय) != १) असेल तर वर सांगितलेला गेटचारचा लूप चालवून ती ओळ फेकून द्या आणि कंटिन्यू करा. फक्त इनपुटच संपलं असेल, म्हणजे स्कॅनएफने ईओएफ परत केलं असेल, तर फेकून द्यायला काही उरलेलं नसतं, तिथे कंटिन्यू केलं की परत अनंत, तेव्हा लूपच सोडायचा. आमच्या एक्स्टर्नलांना तर मुद्दाम अक्षर दाबून बघायची सवय असते असं म्हणतात, खरं असो नसो, तपासून ठेवलेलं बरं.

एक्झिट दाबलं तरी बाहेर येत नाही

व्हाइल (१) च्या आत स्विच, स्विचमध्ये केस ५: ब्रेक. पोरांना वाटतं ब्रेक लूप तोडेल. ब्रेक सगळ्यात जवळच्या स्विचला किंवा लूपला तोडतो, आणि जवळचा कोण? स्विच. तो तुटला, लूप आपला चालूच. कंटिन्यूचं मात्र उलट आहे, स्विचला कंटिन्यू कळतच नाही, तो थेट बाहेरच्या लूपला लागू होतो. एकाच ठिकाणी लिहिलेल्या दोन शब्दांचं लक्ष्य वेगळं, म्हणून जरा सांभाळून.

मग बाहेर कसं पडायचं? मला विचाराल तर मेन्यूला डू व्हाइल घ्या आणि शेवटी व्हाइल (पर्याय != ५) ठेवा, केस ५ मध्ये नुसतं धन्यवाद छापा आणि ब्रेक. सगळं मेनमध्येच असेल तर रिटर्न ० पण चालतं. एक्झिट(०) चालतं पण त्याची हेडर फाईल एसटीडीलिब, ती विसरू नका. फ्लॅग व्हेरिएबल घेऊनही होतं, थोडं पाल्हाळ वाटतं एवढंच. गोटू, म्हणजे लेबलवर थेट उडी, त्यावर मास्तर ओरडतात म्हणून ते राहू द्या.

इफच्या आत ब्रेक लिहिताना तर जास्तच जपा. इफला ब्रेक लागू होत नाही, तो इफला ओलांडून बाहेरच्या स्विचला तोडतो. केसमध्ये चार ओळी आहेत, मधे एक इफ आहे, इफच्या आत ब्रेक गेला, तर खालच्या दोन ओळी चालणारच नाहीत. ही किरकोळ गोष्ट वाटते, पण १५ जानेवारी १९९० ला अमेरिकेत एटी अँड टी कंपनीचं लांब पल्ल्याचं टेलिफोन नेटवर्क साधारण ९ तास कोलमडलं होतं ते अशाच एका ब्रेकमुळे, सी मध्येच लिहिलेलं सॉफ्टवेअर, लूपच्या आत स्विच, स्विचच्या केसमध्ये इफ, आणि त्या इफमध्ये ब्रेक. एक यंत्र रीसेट होऊन परत आलं की शेजारची यंत्रं त्या चुकलेल्या रस्त्याने जाऊन स्वतः रीसेट व्हायची, मग त्यांच्या शेजारची, अशी साखळीच लागली. नंतर ते नवं सॉफ्टवेअर काढून जुनं परत टाकलं.

नेस्टेड स्विच असेल तर आतला ब्रेक आतलाच तोडतो, बाहेरच्या केसला स्वतःचा ब्रेक वेगळा लागतो. महिरपी कंस मोजा, बस.

काहीच छापत नाही, एररही नाही

हा प्रकार सगळ्यात छळतो. कंपाइल व्यवस्थित, रन व्यवस्थित, आणि स्विचमधलं काहीही चालत नाही. दोन संशयित आहेत.

पहिला, केस आणि आकडा यांच्यामधली स्पेस खाल्ली. केस १: च्या जागी केस१: असं जोडून लिहिलंत तर सी च्या दृष्टीने ते गोटूसाठी ठेवलेलं केस१ नावाचं साधं लेबल झालं. पूर्ण कायदेशीर. सगळ्या केस अशाच लिहिल्या असतील तर स्विचला उडी मारायला एकही जागा नाही, डिफॉल्ट असला तर तिथे जातो नाहीतर सरळ बाहेर.

दुसरा, डिफॉल्टचं स्पेलिंग. इंग्रजीत यू आणि ए ची अदलाबदल झाली की तेसुद्धा साधं लेबल बनतं आणि चुकीच्या पर्यायाला काहीच उत्तर येत नाही. डोळ्यांना ते दिसत नाही कारण आपण शब्द वाचत नाही, ओळखतो. दोन्हीवर इलाज एकच, डॅश डब्ल्यू ऑल लावून कंपाइल करा, जीसीसी सांगतो की अमुक लेबल डिफाइन केलंय पण वापरलेलं नाही. कोडब्लॉक्समध्ये ही सेटिंग कंपायलर फ्लॅग्जमध्ये टिक करायची असते, एकदाच करा. टर्बोवर असाल तर, हं, तिथे डोळेच वापरा. टर्बो सी++ नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचा आहे, डॉसबॉक्समध्ये कोंबून अजून कितीतरी लॅबमध्ये चालवतात, पण घरी तरी नवीन कंपायलर घ्या, फुकट आहे.

उत्तर येतं पण भलत्याच केसचं

स्वराचा प्रोग्राम. अक्षर स्वर आहे का सांगा. लहान ए किंवा कॅपिटल ए चालावं म्हणून पोरं लिहितात केस 'ए' || 'ए', एक लहान एक कॅपिटल. बोलीभाषेत बरोबर, सी मध्ये नाही. ऑर चं उत्तर खरं की खोटं एवढंच येतं, म्हणजे १ किंवा ०, आणि इथे ते कायम १. तुमची केस झाली केस १. अक्षराचा कोड १ कधी नसतोच, म्हणून ती लागत नाही. अशा दोन केस लिहिल्या की एरर येतो, डुप्लिकेट केस व्हॅल्यू, आणि लोक म्हणतात मी तर वेगळी अक्षरं लिहिलीत. दोन्ही १ झालीत बाबा. लेबलं एकाखाली एक लावा, किंवा आधी टूलोअरने अक्षर लहान करून घ्या म्हणजे पाचच केस पुरतात.

केस (मार्क > ६०) हेही चालत नाही, केसपुढे कंपाइल करतानाच ठरलेली पूर्णांक व्हॅल्यू लागते. जीसीसीमध्ये तीन टिंबं देऊन रेंज लिहिता येते, पण ती जीसीसीची स्वतःची सोय आहे, टर्बोला आणि बऱ्याच परीक्षकांना चालणार नाही. म्हणून ग्रेडच्या प्रोग्रामला जर्नलमध्ये मार्क / १० करतात, ९५ चे ९ होतात, ७३ चे ७. युक्ती छान आहे पण तिच्यात एक भोक आहे जे क्वचितच कोणी तपासतं. १०० भागिले १० म्हणजे १०, ती केस लिहिलेली असते. पण १०५ भागिले १० पण १०च, म्हणजे १०५ मार्क मिळवणारा डिस्टिंक्शनमध्ये. आणि उणे ५ भागिले १० म्हणजे ०, तो बिचारा नापास, खरं तर इनपुट चुकीचं म्हणायला हवं. स्विचच्या आधी एक इफ लावून ० ते १०० च्या बाहेरचं आधीच परत पाठवा. आणि खरं सांगायचं तर रेंजचं काम इफ एल्सलाच शोभतं, सिलॅबसमध्ये स्विच वापरून करा असं म्हटलंय म्हणून करायचं.

महिन्यांच्या प्रोग्रामची आणखी एक गंमत. दिसायला नीटनेटकं म्हणून केस ०१, केस ०२ असं लिहीत जातात, ०७ पर्यंत सगळं सुरळीत, आणि ०८ ला एरर, इनव्हॅलिड डिजिट इन ऑक्टल कॉन्स्टंट. पुढे शून्य लावलं की सी त्याला ऑक्टल, म्हणजे ० ते ७ एवढ्याच अंकांची संख्या समजतो, त्यात ८ आणि ९ हे अंकच नाहीत. ०१० लिहिलंत तर एररही नाही, ते गुपचूप ८ होतं. पुढचं शून्य काढा.

कंपाइलच होत नाही

हे त्यातल्या त्यात सोपं, कारण निदान ओरडतं तरी. स्विच क्वांटिटी नॉट ॲन इंटिजर म्हणजे तुम्ही फ्लोट, डबल नाहीतर स्ट्रिंग दिलीये, सी चा स्विच फक्त पूर्णांक घेतो, कॅर आणि इनम (पूर्णांकांना नावं द्यायची सोय) त्यातच आले. स्ट्रिंगसाठी तुलना करणारं स्ट्रसीएमपी आणि इफ एल्स, दुसरा रस्ता नाही. जावात स्ट्रिंगवर स्विच चालतो हे खरंय पण इथे जावा नाही.

केस लेबल डझ नॉट रिड्यूस टू ॲन इंटिजर कॉन्स्टंट म्हणजे केसपुढे व्हेरिएबल आहे. कॉन्स्ट इंट लावलं तरी हाच एरर येतो याचं सगळ्यांना नवल वाटतं, सी++ मध्ये ते चालतं म्हणून, पण सी मध्ये कॉन्स्ट म्हणजे बदलू नका एवढंच, ते कॉन्स्टंट एक्स्प्रेशन होत नाही. हॅश डिफाइन वापरा किंवा इनम. मी इनम म्हणेन, कारण इनमवर स्विच केला आणि डिफॉल्ट न ठेवता एखादी व्हॅल्यू विसरली तर डॅश डब्ल्यू ऑल तिचं नाव घेऊन सांगतो.

केस लेबल नॉट विदिन अ स्विच स्टेटमेंट आला तर स्विच (पर्याय) च्या पुढे सेमीकोलन पडलाय, किंवा एखादा महिरपी कंस आधीच बंद झालाय. केसनंतर कोलनऐवजी सेमीकोलन हा तर रोजचा.

केसच्या लगेच खाली इंट काहीतरी असं डिक्लेअर केलं तर जुने कंपायलर भांडतात, लेबलनंतर स्टेटमेंट हवं, डिक्लेरेशन चालत नाही. सी२३ मध्ये परवानगी आहे आणि जीसीसी ११ पासून घेतो, म्हणून तुमच्या लॅपटॉपवर चाललेलं लॅबमध्ये अडतं. केसचं सगळं महिरपी कंसात घाला, दोन्हीकडे चालेल. आणि स्विच उघडल्या उघडल्या, पहिल्या केसच्या वर, इंट एकूण = ० असं लिहू नका, ती ओळ कधीच चालत नाही, स्विच तिच्यावरून उडी मारून जातो आणि एकूणमध्ये कचरा राहतो.

स्ट्रे आणि पुढे बॅकस्लॅश ३४२ असा विचित्र एरर आला तर कोड तुम्ही व्हॉट्सॲपवरून, पीडीएफमधून किंवा वर्डमधून उचललाय. तिथले कोट वाकडे असतात. ते सगळे खोडून कीबोर्डवरून सरळ कोट परत टाइप करा, दुसरं औषध नाही.

एवढं करूनही अडलं तर विचारा, पण विचारताना पूर्ण कोड टेक्स्टमध्ये द्या, लॅबच्या मॉनिटरचा मोबाईलने काढलेला तिरका फोटो नको ज्यात ट्यूबलाइट दिसते आणि सेमीकोलन दिसत नाही. सोबत कंपायलर कुठला, वॉर्निंग काय आल्या, चौकोनी कंसात छापलेली व्हॅल्यू काय आली, आणि तुम्ही नेमकं काय काय दाबलं ते क्रमाने, एंटर धरून.